खालच्या आजीचं गवत

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्या बाबांनी मला फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. ताई, तू शाळेत लिहिलेला निबंध होता तो. नाताळची एक आठवण लिहा, असा विषय होता. तुझं इंग्रजी छान झालं आहे. दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकले आहेत, ते मी बाबांना कळवलं. पण निबंधात एक मोठी चूक आहे, आणि ती तुझी नाही.

तू लिहिलंस की नागपूरच्या घरी वरच्या आजीचं गवत उगवलं नाही, तेव्हा खालच्या आजीने स्वतःचं गवत तिला आणून दिलं, आणि नाताळ कशासाठी असतो ते तुला त्या दिवशी कळलं. बाईंनी त्या वाक्याशेजारी एक तारा काढला आहे. निबंध एकवीस ओळींचा आहे. खालच्या आजीवर अकरा ओळी आहेत आणि माझ्यावर तीन. बाकीच्या विमानाबद्दल आहेत. मी दोनदा मोजल्या.

त्या अकरा ओळींतली मुख्य गोष्ट घडलेलीच नाही. खालच्या आजीने मला गवत दिलं नव्हतं. मी ते चोरलं होतं.

आता तू बारा वर्षांची आहेस, आणि धाकट्या, तू नऊचा. तुम्ही ही खोटी गोष्ट तुमच्या मित्रमैत्रिणींना सांगाल, पुढे तुमच्या मुलांना सांगाल, आणि मी तोवर दुरुस्त करायला नसेन. म्हणून आत्ताच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत लिहिताना मी फार शहाण्यासारखी वागते. रविवारी बाबांजवळ बसून हळूहळू वाचा.

घर तुम्हाला माहीत आहे, तरी क्रमाने सांगते. खाली तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको राहते, म्हणजे माझी धाकटी जाऊ. वर मी. आम्हा दोघींचेही नवरे आता नाहीत. तिचा मुलगा, सून आणि नातवंडं तिच्याजवळच आहेत. दिवसातून वीस वेळा तिला कोणी ना कोणी हाक मारतं. माझ्याकडे चार खोल्या आहेत, आणि एका टेबलावर फोन उभा ठेवायचा स्टँड आहे. ही तक्रार नाही. पुढचं समजायला हवं म्हणून सांगितलं.

मी मिशनच्या शाळेत शिकले, बी.ए. झाले, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. ती कळमेश्वरजवळच्या एका खेड्यातून आली, सातवीपर्यंत शिकून. तिच्या माहेरी शेती आहे, अजूनही तिचा भाऊ करतो. मी या घरात आले त्यानंतर चार वर्षांनी ती आली. आल्यावर पहिल्याच नाताळात मला कळलं की ही बाई मला त्रासदायक होणार.

झालं ते इतकंच. मी केक केला होता. सुका मेवा तीन आठवडे भिजवलेला, मैदा तीनदा चाळलेला, सगळं वजन करून. तुमच्या पणजीने, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, पाहुण्यांना केक दिला. सगळ्यांनी तुकडा घेतला, "छान झाला" म्हणाले आणि बशी खाली ठेवली. मग नव्या सुनेने सांबारवड्या तळून आणल्या. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. थंडीत ती हिरवीगार आणि स्वस्त मिळते, तिचं खोबरं-खसखस घातलेलं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं. तिच्या वड्या एकसारख्या नव्हत्या. एक लांब, एक आखूड, दोन तेलात उकललेल्या. त्या वड्यांवर मंडळी अशी तुटून पडली की चर्चच्या ऑर्गनवाल्या आजोबांनी उकललेल्यासुद्धा सोडल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी जास्त कर. मला कोणीच पुढच्या वर्षी केक जास्त कर म्हणालं नाही.

त्या दिवसापासून माझ्या मनात तिच्याबद्दल जे आहे त्याला मराठीत हेवा म्हणतात. थोडा जास्त असला की मत्सर म्हणतात. माझा दोन्हींच्या मधे कुठेतरी राहत आला आहे. तो वाईट असतो हे मी वर्गात शिकवलं आहे, फळ्यावर लिहून.

आता गव्हाणीबद्दल. नाताळच्या आधी आपल्याकडे घरोघरी गव्हाण मांडतात. गोठा, त्यात बाळ येशू, मारिया, योसेफ, मेंढपाळ, जनावरं. आणि गोठ्याभोवती कुरण. हे कुरण कागदाचं चालत नाही. नाताळच्या अकरा दिवस आधी परातीत किंवा ताटात माती पसरून गहू पेरायचा, रोज पाणी शिंपडायचं, म्हणजे चोवीस तारखेपर्यंत बोटभर उंच, कोवळं, दाट गवत उभं राहतं. नाताळच्या संध्याकाळी चर्चमधली मंडळी एकमेकांच्या घरी गव्हाणी बघत फिरतात, करंजी खातात, आणि पहिली नजर टाकतात ती गवतावर. गवत पिवळं असलं तर कोणी बोलत नाही, पण ते दिसतं.

सासूबाई होत्या तोवर गव्हाण एकच होती. त्या गेल्यावर दोन झाल्या. माझ्याकडच्या मूर्ती प्लास्टरच्या, मला शिकवणाऱ्या एका सिस्टरने बदलीच्या वेळी दिलेल्या. सगळ्या एका मापाच्या. मेंढपाळाच्या गुडघ्यापर्यंत मेंढी येते, जशी यायला हवी. मी मागे निळं कापड लावते आणि मूर्ती कुठे ठेवायच्या त्या जागांवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत.

खाली काय असतं, ते तुम्ही पाहिलं आहे. ती त्याला गव्हाण म्हणतच नाही, गोठा म्हणते. आणि खरंच गोठा करते. तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, भिंती, वर गवताचं छप्पर, एका बाजूला कडब्याची पेंढी, दोऱ्याची दावी, बोटाएवढी शेणाची गोवरीसुद्धा. मूर्ती मातीच्या, रंग उडालेल्या. आणि सगळ्यांच्या मधे, बाळ येशूच्या डोक्याशी, तिच्या मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. चाकांसकट. तुम्ही तिकडे पोळा पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मुलं लाकडाचे बैल सजवून, दोरी धरून घरोघर नेतात. तो असा बैल. योसेफाच्या दुप्पट उंच. मी पहिल्याच वर्षी तिला म्हणाले होते की याचं माप चुकतं, आणि बेथलेहेमच्या बैलाला चाकं नव्हती. ती म्हणाली, "बाई, लेकराच्या जवळ बैल मोठाच दिसते."

मी मोठी जाऊ, म्हणून ती मला बाई म्हणते.

दरवर्षी मंडळी खाली तासभर बसायची. नंदीला ढकलून बघायची. मग वर यायची, माझी गव्हाण हात मागे बांधून पाहायची, "किती नीटनेटकं" म्हणायची. गेली काही वर्षं तर गुडघ्यांचं निमित्त सांगून काही जण वर चढतच नाहीत.

तुम्ही आलात त्या वर्षी मी ठरवलं होतं की यंदा असं होऊ द्यायचं नाही. ताई, तू सात वर्षांची होतीस आणि धाकटा चारचा. धाकट्याला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघणार होते. इतर कोणी वर येवो न येवो, पण तुम्हा दोघांना नाताळ म्हटलं की माझी गव्हाण आठवावी, एवढंच मला हवं होतं. मी यादी केली. पडदे, मूर्ती धुणे, निळं कापड इस्त्री, गहू पेरणे. अकरा दिवस आधी, सकाळी, मी पेरला.

चार दिवसांनी तुम्ही आलात तेव्हा माझ्या परातीत नुसती माती होती. सहाव्या दिवशी तीन-चार कोंब आले आणि वाळले. खाली ओल्या गोणपाटाखालून गवत वर यायला लागलं होतं. ते मी पाहिलं, कारण मी मुद्दाम जाऊन पाहिलं. जिरे संपले म्हणून सांगितलं. माझ्याकडे जिरे कधीच संपत नाहीत, हे तिला चांगलं माहीत आहे. तिने वाटीत काढून दिले.

तिची एक घमेली आणि दोन ताटं फ्रिजच्या मागे, गरम हवा येते तिथे, स्टुलावर ठेवली होती. मला वाटलं, मिळालं गुपित. त्या वर्षी थंडीही फार होती, सकाळी नळाच्या पाण्याने बोटं दुखायची. मी वर आले आणि परात फ्रिजच्या मागे ठेवली. आणखी गहू पेरला. दोन दिवसांनी मातीला आंबट वास यायला लागला आणि दाण्यांवर पांढरी बुरशी धरली. ताई, तू नाक दाबून विचारलंस, "आजी, हे मेलं का?" मी म्हटलं, झोपलं आहे.

तुम्ही दोघं तेव्हा दिवसाचे किती तास कुठे असायचात, ते मी सांगत नाही. सकाळी अंथरुणातून उठून, स्वेटर उलटा घालून, तुम्ही जिना उतरायचात. खाली पोरं होती, नंदी होता, तुरीच्या शेंगा उकडलेल्या असायच्या. ती तुम्हाला "ये वं माय, ये गा राजा" करून मांडीवर ओढायची. वर मी तुमच्यासाठी चित्रांची पुस्तकं वयानुसार लावून ठेवली होती. जेवायला हाक मारली की तुम्ही यायचात, पोट भरलेलं असायचं. एकदा धाकट्याने मला चुकून खालची आजी म्हटलं. चार वर्षांचं पोर होतं. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चोवीस तारखेला दुपारी ती, तिची सून आणि तुम्ही सगळी पोरं ऑटोने गांधीबागेत गेलात. तिला तुला फ्रॉकसाठी कापड घ्यायचं होतं, ताई. मला कोणी चल म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तिने म्हटलं होतं, पण ऑटोत जागा नाही हे बघून म्हटलं होतं, असं मी तेव्हा धरून चालले. तुमचे आईबाबा धरमपेठेत एका मित्राकडे गेले होते. घरात मी एकटी. खालची किल्ली माझ्याकडे असतेच.

मी खाली गेले तेव्हा मनात फक्त बघायचं होतं. हे प्रत्येक चोर म्हणत असेल. गवत टोकापर्यंत हिरवं होतं, दाट, हात फिरवला की ओलसर, थंड लागणारं. तिन्ही भांडी भरलेली. तिच्या गोठ्याला एक घमेलीच पुरली असती. दोन ताटं कशाला? असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. मग एका ताटाच्या कडेने चाकू फिरवला. मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली होती की सगळं गवत मातीसकट पुरणपोळीसारखं उचलून आलं. ते पेपरवर घेऊन वर आणलं, माझी खराब माती मागच्या दाराबाहेर गच्चीत फेकली, परात धुतली आणि ते तिच्यात बसवलं. कडा दाबल्या. पाणी शिंपडलं. माझ्याच परातीत उगवल्यासारखं दिसायला लागलं.

ताटाचा प्रश्न होता. तिच्या ताटावर काठाला तिचं नाव कोरलेलं आहे, लग्नात मिळालेल्या सगळ्या भांड्यांवर असतं तसं. म्हणून मी ताट वर आणलंच नव्हतं. एवढी हुशारी मला सुचली. मग मी ते ताट तिच्या मोरीत घासलं, पुसलं आणि तिच्या मांडणीत ठेवून दिलं. ती म्हणेल, दोन ताटं पेरली होती की एक, आठवत नाही. तिचा घोळ असतोच.

विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनामुळे रस्ते अडवले होते, तुम्हाला यायला उशीर झाला. आल्यावर ती आधी आपल्या स्वयंपाकघरात गेली आणि मग वर आली. तुम्ही खालीच राहिलात. मी करंज्या डब्यात भरत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, माझ्या गव्हाणीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"चोर भारी साफ होता, बाई," ती म्हणाली. "ताट घासून ठेवलं. पुसून. आन् उपडं."

तुम्ही तिची मांडणी पाहिली आहे. तिथे कुठलंही भांडं उपडं नसतं. ताटात वाट्या, वाट्यांत चमचे, पातेल्यात आणखी काही. आयुष्यात एकदा चोरी केली आणि तीसुद्धा मला नीट पसाऱ्यात ठेवता आली नाही.

ती पुढे होऊन मागच्या दाराबाहेर गेली. मी फेकलेली माती तिने पायाने उकरली, दोन दाणे उचलले, नाकाशी नेले.

"काहून वं माय," ती स्वतःशीच म्हणाली आणि मग मला विचारलं, "या गव्हाले काय लावून ठेवता तुमी?"

मी सांगितलं. बोरिक पावडर. वर्षाचा गहू भरताना मी किडा लागू नये म्हणून पावडर लावते, डब्यावर तारीख घालते, दळायला देण्याआधी धुऊन वाळवते. त्या वर्षी किडे फार झाले होते म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या शिल्लक गव्हाला मी पुन्हा एकदा लावली होती. माझ्या कोठीत किडा नसतो, ही माझी प्रसिद्धी आहे.

"मंग?" ती म्हणाली. "दवाईचा गहू कसा उगवन? किड्याले नाई सोडलं, कोंबाले कसं सोडन? मले मागायचा ना मूठभर. माझ्या भावाच्या वावरातला आहे."

फ्रिजच्या मागची गरम हवा वगैरे काहीच नव्हतं. तिथे तिने भांडी ठेवली कारण दुसरीकडे पोरं पाय द्यायची. एवढंच गुपित होतं.

मला वाटलं आता ती ओरडेल, किंवा गवत उचलून नेईल. नेलं असतं तर मला सोपं झालं असतं. ती एक करंजी तोंडात टाकून खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या संध्याकाळी, तुम्हाला दाखवायचं म्हणून जवळजवळ सगळी मंडळी वर आली. जाऊही आली, नवं लुगडं नेसून, जिना चढून धापा टाकत. ऑर्गनवाल्या आजोबांची म्हातारी बायको गव्हाणीपुढे वाकली आणि गवतावरून तळवा फिरवला. म्हणाली, एवढ्या थंडीत असं गवत कोणाकडे नाही, कसं काय जमलं?

मी म्हणाले, "वेळेवर पेरलं की येतं."

आणि ताई, तू माझ्या शेजारी उभी होतीस, तू तुझ्या त्या स्पष्ट आवाजात म्हणालीस, "पण आजी, तुझं तर मेलं होतं ना?"

तुमचे बाबा माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आयुष्यात मी कितीतरी मुलांना सगळ्यांसमोर असं उभं केलं आहे, खरं सांग म्हणून. खरं सांगायला एक वाक्य लागतं हे मी त्यांना सांगायचे. मला ते वाक्य सापडेना.

तेव्हा ती म्हणाली, "मीच देल्लं. माझ्याजवळ जास्तीचं होतं. घर एक आहे, कोणाच्या ताटात उगवलं त्यात काय पाहाचं?"

त्या म्हाताऱ्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. कोणीतरी म्हणालं, जावा असाव्यात तर अशा. ताई, तू धावत जाऊन खालच्या आजीच्या कमरेला मिठी मारलीस. तुझा हाच निबंध आहे. तू जे पाहिलंस तेच लिहिलंस.

तिने मला वाचवलं याबद्दल मला त्या क्षणी कृतज्ञता वाटायला हवी होती. मला राग आला. इतकी वर्षं वड्या, पोरं, गोठा सगळ्यांत ती पुढे होती, पण चांगुलपणात, शिस्तीत, खरं बोलण्यात मी पुढे आहे अशी माझी खात्री होती. ती जागासुद्धा तिने घेतली, आणि तीही एक खोटं बोलून. आणि तुझी मिठी घेऊन गेली. माझ्या गवतावर, म्हणजे तिच्याच.

दोन दिवसांनी मी केक घेऊन खाली गेले. ती अंगणात उन्हात बसून सांबार निवडत होती. मी विचारलं, तू तसं का सांगितलंस? तिने देठ मोडता मोडता उत्तर दिलं.

"पोराईसमोर तुमचं नाव खराब करून मले काय भेटलं असतं? ते तुमचेच लेकरं आहेत, महिनाभरानं चालले जातीन. आजी चोर आहे असं घेऊन जातीन का?" मग एक जुडी बाजूला ठेवत ती म्हणाली, "आन् तसंही, बाई, बसून त माझ्याच गोठ्यात राहतात."

हे शेवटचं तिने मुद्दाम म्हटलं. तिलाही जिंकायला आवडतं, हे लोकांना कळत नाही. मला कळतं. मी केक ठेवला आणि वर आले.

त्यानंतर आम्ही त्याबद्दल बोललो नाही, या वर्षापर्यंत. तुझा निबंध आल्यावर मी फोन घेऊन खाली गेले आणि तिला तो मराठीत वाचून दाखवला. ती हातातलं काम ठेवून ऐकत होती. तिच्यावरच्या ओळी आल्या तेव्हा चष्मा काढून पुसला. संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा वाचा बरं, तेवढंच." मी पुन्हा वाचलं. मग मी सांगितलं की मुलांना खरं काय ते लिहून कळवणार आहे.

"कायले?" ती म्हणाली. "राहू द्या ना. पोरीनं चांगलं लिहिलं."

मी म्हटलं, ते खोटं आहे. ती म्हणाली, पाच वर्षांत त्यानं कोणाचं वाकडं झालं? मला वाटतं, माझं नाव राखण्यापेक्षा तिला आता त्या अकरा ओळी राखायच्या होत्या. मीही राखल्या असत्या. मी थोडा वेळ तिथेच बसले. तिच्या नातीने येऊन तिच्या पाठीवर भार टाकला, आणि तिने तिकडे न बघताच तिच्या तोंडात शेंगदाणा घातला. मी ते पाहिलं आणि लिहायचं पक्कं केलं. ते सत्यासाठी ठरवलं की तिच्या अकरा ओळी कमी व्हाव्यात म्हणून, याचा मी चार दिवस विचार केला. दोन्हींसाठी, असं उत्तर येतं. दुसऱ्यामुळे पहिलं रद्द होत नाही.

तेव्हा ताई, निबंध दुरुस्त करायचा की नाही हे तू ठरव. करायचा झाला तर एवढं लक्षात ठेव. तिने गवत दिलं नव्हतं हे खरं. पण माझी चोरी सगळ्यांसमोर झाकली, आणि तिच्या जागी मी असते तर झाकली नसती. मी ती उघड केली असती, योग्य शब्दांत. त्यामुळे तिच्या ओळी कमी होतील असं मला वाटत नाही. वाढतीलही. हे लिहायला मला अवघड जातं आहे. धाकट्या, तुला हे सगळं आठवत नसेल. तुला नंदी आठवत असेल, हे मी धरून चालते.

या वर्षी मी तिच्याकडे गहू मागितला नाही. बियाण्याच्या दुकानातून आणला, पावडर न लावलेला आहे अशी खात्री करून घेतली, आणि ठरल्या दिवशी पेरला. तो उगवला आहे, थोडा विरळ. आज सकाळी जिरे आणायला खाली गेले होते. तिचा जास्त उंच आहे आणि दाट. तिने माझ्याकडे बघून वाटी भरली.

आम्ही दोघी अजून इथेच आहोत. दोन्ही मजल्यांवर अजून गहू पेरला जातो, आणि मला तिचा हेवा वाटतो.